अर्धा राहिलेला हेल

पासली गावात किंवा भावकीत कुणी गेलं की आधी धनाजीच्या टेम्पोला फोन जातो आणि मग साळूबाईला निरोप. टेम्पोत बायका कितीही असोत, साळूबाई पुढं, ड्रायव्हरशेजारी बसते. हा मान तिला कुणी ठरवून दिलेला नाही. ती चांगली रडते म्हणून मिळालेला आहे.

मयताच्या घरी बायकांनी हेल काढून रडत जायचं, ही डोंगराकडच्या गावांची रीत. तिच्यात भटजी नाही, मंत्र नाही, देवाचं नाव आलंच तर त्याला बोल लावण्यापुरतं. तरी तिचे नियम एखाद्या पूजेपेक्षा कडक. मयताचं घर दिसायला लागलं की सुरुवात करायची, त्याआधी नाही. टेम्पोत हसलं-बोललं तर चालतं. पदर तोंडावर हवा, पण आवाज अडेल इतका नको. घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं आणि ती रडायला लागेपर्यंत सोडायचं नाही. आपण होऊन थांबायचं तर मुळीच नाही. घरातलं कुणीतरी येतं, दंडाला धरतं, "उठा, पाणी घ्या" म्हणतं, तेव्हा थांबायचं. मग मात्र लगेच. आत्ता ऊर बडवणारी बाई चूळ भरून "तुमच्याकडं लावणी उरकली का?" असं विचारते. शहरातल्या माणसाला हे खटकतं, कारण त्याला वाटतं रडणं म्हणजे मनातलं बाहेर येणं. इथं ते काम असतं, भाकरी थापण्यासारखं. घरचे लोक धक्क्यानं गप्प झालेले असतात, त्यांना रडवून मोकळं करायचं काम.

साळूबाईला हे तिच्या सासूनं, भिमाबाईनं शिकवलं. "गुनाचं बोलू नगं," भिमाबाई म्हणायची. "लई मायाळू हुता, लई देवमानूस हुता म्हनलं की ऐकनाऱ्यातलं कुनीतरी मनात हसतंच. खान्याचं बोल. त्यात कुनाला खोटं काढता येत न्हाई."

साळूबाईनं ते पक्कं धरलं. टेम्पोत बसल्या बसल्या ती विचारून घ्यायची, गेलेल्याला काय आवडायचं, चहात साखर किती लागायची, भाकरी करपलेली चालायची का. गेनूच्या मयताला तर सगळ्या बायका हिचं तोंड बघत होत्या, कारण गेनू दारू पिऊन बायकोला मारायचा आणि त्याची बायको कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती. साळूबाई दारातच म्हणाली, "कांदा फोडून ठेवलाय वोऽऽ, कुनाच्या ताटात घालू वोऽऽ." बस. रोज रात्री गेनूला बुक्कीनं फोडलेला कांदा लागायचा. त्याची बायको जी रडली, ती संध्याकाळपर्यंत.

स्वतःच्या घरात साळूबाई कधी रडली नाही. लेकीला, अश्विनीला, लग्न करून भोरला पाठवलं तेव्हाही नाही. धोंडाबाई म्हणजे तिची शेजारीण आणि टेम्पोतली कायमची जोडीदारीण. ती म्हणाली, "अगं, लोकांसाठी नदी वाहवतीस, पोटच्या पोरीसाठी दोन थेंब तरी गाळ." साळूबाई म्हणाली, "आपल्याच दारात रडल्यावर उठवायला कोन येनार?"

अश्विनी भोरला कॉलेजात शिकली आणि तिथल्याच सुयशशी तिचं लग्न झालं. सुयश एका कंपनीच्या ऑफिसात. त्याचे वडील आनंदराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आई सुलक्षणाबाई नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या घरात डब्यांवर नावं होती आणि भाताला ठरलेली वाटी होती. आनंदरावांना बरीच वर्षं शुगर. मागच्या वर्षी पायाचं एक बोट काढावं लागलं. तेव्हापासून तर सुलक्षणाबाई त्यांच्या जेवणावर डोळ्यांत तेल घालून असत. कारल्याचा रस, अर्धी भाकरी, बिनसाखरेचा चहा.

लग्नानंतर साळूबाई पहिल्यांदा भोरला गेली तेव्हा तिनं डिंकाचे लाडू नेले होते. सुलक्षणाबाईंनी डबा उघडून पाहिला, "छान दिसतायत," म्हणाल्या आणि परत लावून ठेवला. "आमच्याकडं गोड चालत नाही हो." निघताना तोच डबा तसाच भरलेला साळूबाईच्या पिशवीत आला. दुखवायचं म्हणून केलेलं नव्हतं ते. पण साळूबाई तो डबा घेऊन एसटीत बसली तेव्हा तिला वाटलं, सगळी गाडी आपल्या मांडीकडं बघतेय.

म्हणून आनंदराव एक दिवस एकटेच पासलीला आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "विहीणबाई, काहीतरी गोड करा," तेव्हा साळूबाईच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, ते लपवण्यात अर्थ नाही. तिला जिंकल्यासारखं वाटलं. भोरचा कचेरीतला माणूस, गाड्या बदलत, तुटक्या बोटाचा पाय ओढत डोंगरात येतो आणि आपल्या हातची तांदळाची खीर मागतो. घरच्या इंद्रायणीचा तांदूळ, म्हशीचं दूध, मूठभर गूळ, वर आणखी काकवी. त्यांनी वाटी पुसून खाल्ली. "घरी माप लावून वाढतात, विहीणबाई," ते हसत म्हणाले. "इथं आलं की पोट भरतं."

त्यांना शुगर आहे हे साळूबाईला ठाऊक होतं. तिनं एकदा म्हणून पाहिलं, "चालतंय नव्हं, दादा?" ते म्हणाले, "एका वाटीनं काय होतंय? आणि घरी सांगू नका." मग ते अधूनमधून येत राहिले. पेन्शनीच्या कामाला पुण्याला जातो, असं घरी सांगून. साळूबाईचा नवरा रखमाजी त्यांना खाचराच्या बांधावर घेऊन जायचा, दोघं काही न बोलता बसायचे, आणि इकडं साळूबाई गूळ फोडायची. फोडताना कधी कधी तिला तो परत आलेला डबा आठवायचा. मग हात आणखी एक खडा उचलायचा.

श्रावण संपत आला होता तेव्हा सकाळीच सुयशचा फोन आला. आनंदराव झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. पहिलं जेवण सोयऱ्यांनी आणायचं असतं. त्याला कडू घास म्हणतात. साळूबाईनं आणि धोंडाबाईनं मिळून भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, टोपलं फडक्यानं बांधलं आणि धनाजीच्या टेम्पोत बायका बसल्या. वेल्हं, नसरापूर, मग हायवे, कापूरहोळला वळून भोर. वाटेत साळूबाई गप्प होती. तिला या खेपेला कुणाला काही विचारायची गरज नव्हती. गेलेल्याला काय आवडायचं, ते तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

गल्लीच्या कोपऱ्यावरून घर दिसलं आणि तिनं हेल उचलला.

"ओ माज्या इवायदादाऽऽ, न सांगता कसं गेला वोऽऽ! आता खीर कुनासाठी रांधू वोऽऽ, गूळ कुनासाठी फोडू वोऽऽ!"

भोरची ती गल्ली नोकरदारांची. तिथं मयताच्या घरी लोक चपला बाहेर काढून, हात जोडून, हळू आवाजात "फार वाईट झालं" म्हणतात. गॅलऱ्यांमध्ये बायका आल्या. कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. साळूबाईला यातलं काही दिसत नव्हतं, पदर तोंडावर होता. मागं धोंडाबाई आणि बाकीच्या सूर धरत होत्या. आणि भिमाबाईनं शिकवलेलं सगळं तिच्या गळ्यातून आपोआप येत होतं. गेलेल्याचं खाणं, आणि मग गेलेल्याचे शब्द.

"घरी माप लावून वाढत्यात, असं तुमी म्हनायचा वोऽऽ! हितं आलं की पोट भरतं, असं तुमी म्हनायचा वोऽऽ!"

मागचा सूर थांबला. एकटी एक बाई दोन ओळी पुढं म्हणत गेली आणि मग तीही गप्प झाली. साळूबाईनं पदर वर केला. दारात सुलक्षणाबाई उभ्या होत्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, पण त्या गेलेल्या नवऱ्याकडं बघत नव्हत्या. समोरच्या गॅलरीतल्या बायकांकडं बघत होत्या.

अश्विनी अनवाणी पळत आली आणि तिनं आईच्या तोंडावर हात ठेवला. दंडाला धरलं नाही, तोंडावर हात ठेवला. "आई, बास! काय बोलतीयस कळतंय का तुला?"

साळूबाई रस्त्याच्या मधोमध तोंड उघडं ठेवून उभी राहिली. हेल अर्धा राहिला होता. "उठा, पाणी घ्या" असं कुणी म्हटलं नव्हतं. आत जायचं की नाही, हेही कळेना. शेवटी धोंडाबाईनं तिला पाठीतून ढकललं.

पुरुषमंडळी नदीवर गेली. बायका आत सतरंजीवर बसल्या. मग सुलक्षणाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, आवाज अजिबात न चढवता, "कधीपासून येत होते?"

"कदी मदी," साळूबाई म्हणाली.

"आम्हाला सांगायचे, पुण्याला जातो." त्यांनी सतरंजीची सुरकुती सरळ केली. "तुम्हाला शुगरचं माहीत होतं?"

"व्हय."

"आणि बोट काढलेलं दिसत होतं."

"व्हय, ताई. मला वाटलं, येका वाटीनं काय व्हतंय."

हे बोलल्यावर तिला कळलं की हे वाक्य तिचं नव्हतं, आनंदरावांचं होतं. पण आता मेलेल्या माणसावर कसं ढकलणार?

दुपारी शेजारच्यांनी पोहे पाठवले. अश्विनीनं स्वयंपाकघराच्या दारात ठेवलेल्या टोपल्याकडं पाहिलं आणि मग सासूकडं. सुलक्षणाबाई म्हणाल्या, "ते तसंच झाकून ठेव. जाताना त्यांच्याबरोबर दे."

कडू घास परत गेल्याचं पासलीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळं परत आल्यावर त्याचं काय करायचं, याची रीतच नव्हती. कापूरहोळला धनाजी चहाला थांबला तेव्हा टेम्पोच्या हौद्यात बायकांची सभा भरली.

"हे घरला न्हेता यायचं न्हाई. मयताचं अन्न हाय," एक म्हणाली.

"मयताचं कसं? मयताच्या घरी कुनी शिवलं बी न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "आपलंच हाय ते. नुसतं भोर बघून आलंय."

"मंग घाला कुत्र्याला."

"एवढ्या भाकरी खाल्ल्या तर कुत्र्याचा कडू घास करावा लागंल."

सगळ्या हसल्या आणि लगेच पुढं बघितलं. पुढच्या सीटवर साळूबाईची पाठ हलली नाही. शेवटी धोंडाबाईनंच फडकं सोडलं, ढाब्यावरून कांदे मागून आणले आणि हायवेच्या कडेला, ट्रकच्या धुरात, बायकांनी आनंदरावांचा कडू घास खाल्ला. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. धोंडाबाईनं एक भाकरी पुढं नेऊन दिली.

"खा गं. तुजं रडनं भारीच, पन आज जरा तिखट झालं."

"तुला कळलं हुतं, तर मला गप का न्हाई केलं?"

"हेलाच्या मदी कोन बोलतंय व्हय?" धोंडाबाई म्हणाली. ते खरंच होतं.

साळूबाईनं भाकरी खाल्ली नाही. टेम्पो सुरू व्हायच्या आधी ती पुढच्या सीटवरून उतरली आणि मागं, हौद्यात, टोपल्याशेजारी जाऊन बसली. धनाजीनं आरशात बघितलं आणि गाडी चालू केली.

रखमाजी पुरुषांबरोबर नदीवर जाऊन एसटीनं परतला होता. त्याला सगळं कळलं होतं. हातपाय धुऊन तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "तू येकटीनं न्हाई दिलं. म्या बी बघत हुतो." साळूबाईला वाटलं, हा असं म्हणाला नसता तर बरं झालं असतं. वाटून घेण्यातलं हे नव्हतंच. रखमाजीला त्या डब्याचं माहीत नव्हतं. ती गूळ फोडताना कुणावर कुरघोडी करत होती, ते त्याला कधी कळलं नव्हतं, आणि ते सांगायला तिला तोंड नव्हतं.

अश्विनीचा फोन आला नाही. साळूबाईनंही केला नाही. त्याच आठवड्यात वरच्या आळीला एक म्हातारी गेली, चार घरांवर. साळूबाईला निरोप आला. ती म्हणाली, "घसा बसलाय." म्हातारीला उकडीचे शेंगोळे आवडायचे, हे साऱ्या पासलीत फक्त तिला माहीत होतं. त्या दिवशी ते कुणीच म्हटलं नाही. म्हातारीच्या सुना टिपं पुसत राहिल्या, पण आवाज फोडून एकही रडली नाही. साळूबाई आपल्या घरात दार लावून तांदूळ निवडत बसली होती.

मग एका सकाळी मोबाईल वाजला. पडद्यावर लेकीचा फोटो आला तसा साळूबाईनं ओला हात लुगड्याला पुसून फोन घेतला, "आशू गं—"

"मी बोलतेय," सुलक्षणाबाईंचा आवाज आला. "उद्या तेरावा. फोटोपुढं त्यांच्या आवडीचं ठेवायचं म्हणतात. ती खीर तुम्ही कशी करत होतात?"

सुयशनं बाकीचे विधी थोडक्यात आटोपले होते. त्याचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तेराव्याचं गोड जेवण त्यानंही राहू दिलं होतं. लोक येतात, एकत्र जेवतात, तोंड गोड करतात आणि दुखवटा संपला असं समजून घरी जातात. देव असो नसो, दुःख कुठंतरी संपलं असं कुणीतरी जाहीर करावं लागतं.

साळूबाईनं तांदूळ सांगितला, दूध सांगितलं, किती शिजवायचं ते सांगितलं.

"आणि गूळ?"

"सुपारीएवढा," ती म्हणाली. "चवीपुरता."

"एवढाच?"

"व्हय, ताई. एवढाच."

फोन ठेवल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली. इतक्या मयतांना गेली, हेलात कधी खोटं बोलली नाही. आणि आज एका वाटीभर खिरीसाठी बोलली.

तेराव्याला सुनेच्या माहेरचं लुगडं विहिणीला न्यावं लागतं. मनात काहीही असलं तरी ते न्यावंच लागतं आणि तिनंही घ्यावंच लागतं. अशा वेळी रीत बरी पडते. जावं की न जावं, हे माणसावर राहत नाही. साळूबाई आणि रखमाजी एसटीनं आले. गल्लीच्या कोपऱ्यावर तिची मान आपोआप खाली गेली. गॅलरीत कुणी आहे का, ते तिनं पाहिलं नाही. लुगडं तिनं सुलक्षणाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं आणि न उलगडता खुर्चीवर ठेवलं. अश्विनी "आलीस?" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

पंगत उठली, शेजारी जेवून गेले. "खीर छान झालीय," असं सगळे म्हणाले. तेराव्याच्या जेवणाला कुणी नावं ठेवत नाही. शेवटी घरच्या बायका बसल्या. सुलक्षणाबाई साळूबाईच्या समोरच बसल्या, फोटोपुढची वाटी त्यांनी आपल्या ताटात घेतली आणि एक चमचा खाल्ला. मग दुसरा. मग चमचा खाली ठेवला.

"ह्याच्यासाठी?" त्या म्हणाल्या.

साळूबाईनं खाली बघत घास तोंडात घातला.

"ह्याच्यासाठी ते गाड्या बदलून, तो पाय ओढत तिथं येत होते? ह्यात तर काहीच नाही. एवढा गूळ तर मीही दिला असता." त्यांनी वाटी पुढं सरकवली. "म्हणजे खिरीसाठी येत नव्हते. माझ्यासमोर बसून जेवायचं नव्हतं, म्हणून येत होते."

अश्विनी सासूला म्हणाली, "आई, असं नाही हो."

"मग कसं? तू सांग."

साळूबाईच्या तोंडात घास होता. तो गिळला की झालं असतं. गप्प बसली असती तर तिच्यावर काही आलं नसतं. सुपारीएवढ्या गुळानं कुणी मरत नाही. फक्त समोरची बाई यापुढं रोज एकटी जेवताना हेच मनात घेऊन जेवली असती. साळूबाईनं हात ताटात टेकवला.

"गूळ कमी पडलाय, ताई."

"तुम्हीच सांगितलात तेवढा घातला."

"म्या खोटं सांगितलं." तिला पुढचं बोलवेना, पण आता थांबताही येत नव्हतं. "मूठभर घालत हुते. वरनं काकवी. ते नगं म्हनायचे न्हाईत, आनि म्या बी थांबायची न्हाई. तुमी माजा लाडवाचा डबा परत दिला हुता न्हवं. तो माज्या मनात हुता. ते वाटी पुसायचे, आन् मला वाटायचं, बघा, तुमचा नवरा माज्या हितं जेवतुया. ते खिरीलाच यायचे, ताई. निस्त्या गोडाला. लहान पोरासारखे."

अश्विनीनं आईकडं पाहिलं आणि मान फिरवली. सुलक्षणाबाई हलल्या नाहीत. लाडवाचा डबा त्यांना आठवत नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आठवायचा प्रयत्न करून त्यांनी तो सोडून दिला.

"हे तुम्ही मला सांगताय," त्या म्हणाल्या. "ते मात्र साऱ्या गल्लीला सांगितलंत. मी नवऱ्याला उपाशी ठेवत होते, ते. दूधवाला माझ्याशी हळू बोलतो आता. समोरच्या बाई येतात, कोशिंबीर आणून देतात आणि माझ्या डब्यांवरची नावं वाचतात. हे कोण सांगणार त्यांना?"

साळूबाई उठली. हात धुवायला मोरीकडं न जाता दाराकडं निघाली.

"आई, कुठं चाललीस?" अश्विनी घाबरून म्हणाली. "आई, आज तेरावा आहे. आज कुणी रडत नाही."

ते साळूबाईला अश्विनीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तोंड गोड झाल्यावर हेल काढणं म्हणजे सुतक परत बोलावणं. ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली, घर दिसतं तिथं वळली. उष्टा हात तसाच होता. डाव्या हातानं तिनं पदर डोक्यावर घेतला, पण तोंडावर ओढला नाही. या खेपेला तोंड दिसायला हवं होतं.

"ओ माज्या इवायदादाऽऽ! गूळ म्या घातला वोऽऽ! मूठ भरून घातला वोऽऽ!"

मागं सूर धरायला कुणी नव्हतं. आवाज फुटला, घसरला, परत लागला. गॅलऱ्या भरल्या. एक माणूस स्कूटर थांबवून उभा राहिला.

"शुगर ठावं हुती वोऽऽ, तुटलेलं बोट दिसत हुतं वोऽऽ, तरी म्या काकवी वतली वोऽऽ! माज्या ईहिनीनं मोजून वाढलं वोऽऽ, मोजून जगवलं वोऽऽ! म्या मोजलं न्हाई वोऽऽ!"

रखमाजी ओट्यावर आला होता. तो खाली बघत होता. अश्विनी दाराच्या आत, भिंतीला चिकटून, दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी होती. या वेळी स्वतःच्याच तोंडावर.

साळूबाई म्हणत राहिली. खीर संपली, काकवी संपली, डबा संपला. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं आणि मग तिला कळलं की कुणी येत नाहीये. आजवर ती कधी आपण होऊन थांबली नव्हती. आपण होऊन कसं थांबतात, ते तिला येत नव्हतं. मग ती तेच परत म्हणू लागली, मूठ भरून घातला वो, मूठ भरून घातला वो, आवाज बारीक होत गेला तरी. समोरच्या गॅलरीतली बाई आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तेव्हा सुलक्षणाबाई उंबऱ्याशी आल्या. खाली उतरल्या नाहीत, जवळ आल्या नाहीत, दंडाला धरलं नाही.

"उठा," त्या तिथूनच म्हणाल्या, जरी साळूबाई उभीच होती. "पाणी घ्या."

साळूबाई त्याच क्षणी थांबली. मान खाली घालून, उष्टा हात अंगापासून लांब धरून, ती सगळ्या गल्लीसमोरून घरापर्यंत चालत आली. सुलक्षणाबाईंनी तांब्या तिच्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. तिनं वाकून उचलला आणि चूळ भरली. आत तिचं ताट होतं तिथंच होतं. ती जाऊन त्याच्यापुढं बसली आणि ती बिनगोडाची खीर, वाटी पुसून, शेवटपर्यंत खाल्ली.